पेटी चालू, घड्याळ मागे: छोट्या लिनक्स इमेजमधल्या ‘ईटीसी’चं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या टीमचं आहे आणि मी त्या टीमचा भाग होतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कशातून काय घडलं ती तांत्रिक साखळी मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

आमच्या देखरेखीखाली सुमारे ६०० गेटवे पेट्या होत्या. सेन्सरकडून आकडे गोळा करायचे आणि दर काही मिनिटांनी सर्व्हरला पाठवायचे, एवढंच त्यांचं काम. बहुतेक पेट्या अशा जागी होत्या, की कीबोर्ड आणि मॉनिटर घेऊन तिथे कोणी बसणार नाही. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीमची इमेज, म्हणजे आख्खी सिस्टीम एकत्र बांधलेली फाइल, मुद्दाम लहान ठेवली होती. यॉक्टो या साधनाने बांधलेली, पॅकेज मॅनेजर (प्रोग्रॅम एकेक करून बसवणारं साधन) नसलेली, आणि रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टीम, फक्त वाचता येईल अशी. अपडेट करायचं म्हणजे अख्खी इमेजच बदलायची. स्टोरेजवर अ आणि ब असे दोन भाग होते. एक चालू असताना नवी इमेज दुसऱ्यावर लिहायची, रीबूट करायचं, आणि नवी उठली नाही तर बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) जुन्या भागाकडे परत जातो.

अशा मांडणीत पहिला प्रश्न ईटीसीचाच येतो, म्हणजे सेटिंगच्या फाइली जिथे राहतात त्या डिरेक्टरीचा. रूट वाचण्यापुरता आहे, पण होस्टनेम प्रत्येक पेटीचं वेगळं, नेटवर्कची सेटिंग्ज जागेनुसार वेगळी, एसएसएचच्या (दुरून सुरक्षितपणे आत शिरण्याच्या) किल्ल्या पहिल्या बूटला तयार होणाऱ्या. हे सगळं लिहायचं कुठे? आम्ही सर्वात सोपा मार्ग घेतला होता, तो म्हणजे ईटीसीवर ओव्हरलेएफएस, दोन थर एकावर एक ठेवून एकच दाखवणारी फाइलसिस्टीम. हे लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, २०१४ साली, ३.१८ आवृत्तीपासून आहे. खालचा थर इमेजमधला, न बदलणारा. वरचा थर डेटाच्या भागावर, लिहिता येणारा. वाचणाऱ्याला दोन्हींचं मिळून एकच ईटीसी दिसतं. खालच्या थरातली फाइल कोणी बदलायला घेतली, की कर्नल ती आख्खी फाइल आधी वर उचलून ठेवतो आणि बदल त्या प्रतीत होतो. तिथून पुढे खालची फाइल त्या पेटीपुरती झाकलेलीच राहते.

हे ‘आख्खी फाइल’ प्रकरण आम्हाला माहीत होतं. एका फाइलमध्ये किती जणांचा माल एकत्र असू शकतो, याचा विचार मात्र आम्ही केला नव्हता.

काय घडलं

एका अपडेटमध्ये आम्ही वेळ जुळवणारी सर्व्हिस बदलली. आधी बिझीबॉक्स या लहान आज्ञासंचातलं एनटीपीडी होतं आणि ते रूट, म्हणजे सर्व अधिकार असलेला युजर, म्हणून चालायचं. त्याऐवजी सिस्टमडीचं (लिनक्समधल्या सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) टाइमसिंकडी घेतलं. ते स्वतःच्या वेगळ्या, कमी अधिकारांच्या सिस्टीम युजरखाली (माणसासाठी नव्हे, सर्व्हिससाठी असलेल्या खात्याखाली) चालतं. बदल चांगला होता आणि आजही तो मला बरोबरच वाटतो. टेबलावरच्या पेट्यांवर चाचण्या झाल्या, मग टप्प्याटप्प्याने सगळीकडे इमेज गेली. प्रत्येक पेटी रीबूट झाली, सर्व्हरशी बोलली आणि ‘अपडेट यशस्वी’ असं कळवून कामाला लागली.

नवव्या दिवशी एक पेटी गप्प झाली. दोन दिवसांनी आणखी तीन. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आकडा ४१ वर गेला.

पेट्या मेलेल्या नव्हत्या. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्यांच्या जोडण्या येताना दिसत होत्या. टीएलएसची, म्हणजे सर्टिफिकेट तपासून सुरक्षित जोडणी करण्याची, बोलणी सुरू व्हायची आणि पेटीच मध्येच जोडणी तोडायची. दूरून आत शिरायची आमची वाटही त्याच टीएलएस बोगद्यातून जात होती, त्यामुळे आत डोकावून बघण्याची सोय उरली नव्हती.

चुकीच्या दिशेचे दोन दिवस

गप्प झालेल्या ४१ पेट्यांची यादी काढली, तर सगळ्या पहिल्या खेपेतल्या निघाल्या. एकही अपवाद नाही. पहिल्या खेपेत ८० पेट्या होत्या, सर्वात जुन्या. साहजिकच संशय हार्डवेअरवर गेला. जुनी फ्लॅश खराब होतेय, त्यात सर्टिफिकेटची फाइल बिघडतेय, म्हणून टीएलएस तुटतंय, असा तर्क उभा राहिला. तो इतका नीट बसत होता, की आम्ही दोन दिवस त्याच्यावरच काम केलं. पुरवठादाराला पत्रं गेली, फ्लॅशच्या झिजेचे आकडे जमवले.

हा तर्क मोडला तो एका साध्या प्रश्नाने. टीममधल्या सर्वात नव्या सहकारी म्हणाल्या, “पहिल्या खेपेतल्या सात पेट्या दुरुस्तीला आल्या होत्या ना? त्यांचं काय झालं?” त्या सातही पेट्या व्यवस्थित चालू होत्या. तेच हार्डवेअर, तितकंच वय. फरक एवढाच, की दुरुस्तीच्या वेळी त्यांचं स्टोरेज पूर्ण पुसून इमेज नव्याने भरली होती.

म्हणजे दोष धातूत नव्हता. पेटीवर साठत गेलेल्या कशात तरी होता.

मूळ कारण

गप्प झालेली एक पेटी मागवून घेतली, सिरीयल कन्सोल लावला आणि पहिली आज्ञा दिली ती तारीख विचारण्याची. उत्तरात कित्येक महिन्यांपूर्वीची तारीख आली. इमेज बांधताना जो ठरावीक दिवस गोठवलेला असतो, तोच. सर्व्हरचं सर्टिफिकेट त्या तारखेनंतर दिलेलं होतं. पेटीच्या दृष्टीने ते सर्टिफिकेट अजून लागूच झालं नव्हतं, आणि जोडणी नाकारण्यात तिचं काही चुकत नव्हतं.

मग वेळ का जुळली नाही? टाइमसिंकडीची स्थिती पाहिली तर सर्व्हिस पडलेली होती. पुन्हा पुन्हा सुरू व्हायचा प्रयत्न करून शेवटी सिस्टमडीने तिला सोडून दिलं होतं. स्टेटस २१७, बाजूला ‘युजर’ असा शब्द. सिस्टमडीच्या भाषेत याचा अर्थ, ज्या युजरखाली प्रोग्रॅम चालवायचा तो युजरच सापडला नाही. पण तो युजर इमेजमध्ये होता! बिल्डच्या वेळी तयार झाला होता, आम्ही डोळ्यांनी पाहिला होता.

ईटीसीत पासडब्ल्यूडी नावाची फाइल असते. सगळे तिला पासवर्ड फाइल म्हणतात, पण तिच्यात असते ती युजरची यादी, एका ओळीत एक युजर. इमेजमधली खालच्या थरातली यादी आणि पेटीच्या वरच्या थरातली यादी, दोन्ही एकमेकींशेजारी उघडल्या. सुरुवातीच्या ओळी तंतोतंत जुळत होत्या. खालच्या यादीत शेवटी टाइमसिंकचा युजर होता. वरच्या यादीत तो नव्हता आणि त्याच्या जागी दुसरंच नाव होतं, आमच्या सपोर्ट टीमच्या युजरचं. पहिल्या खेपेच्या वेळी पेट्या बसवताना एक स्क्रिप्ट चालवायचो, ती हा युजर जोडायची. पुढच्या खेपांपासून तो इमेजमध्येच घेतला, म्हणून स्क्रिप्ट बंद केली. पण जिथे ती एकदा चालली होती, तिथे युजरची यादी तेव्हाच वर उचलली गेली होती, आणि त्या दिवसानंतर इमेजमध्ये जोडलेला कोणताही युजर त्या पेटीला दिसणं शक्य नव्हतं.

मधल्या काळात नवा सिस्टीम युजर लागेल असं कोणतंही अपडेट आलं नाही, म्हणून हे झाकून राहिलं.

उशिरा का कळलं, याचंही उत्तर तिथेच मिळालं. बोर्डवर घड्याळाला बॅटरी नव्हती. साध्या रीबूटमध्ये वीज जात नाही, त्यामुळे चिपमधलं घड्याळ वेळ धरून ठेवतं. अपडेटनंतरचा रीबूट असाच होता. वेळ बरोबर होती, टीएलएस जुळलं, पेटीने ‘यशस्वी’ कळवलं, म्हणून बूटलोडर जुन्या भागाकडे वळला नाही. वेळ जुळवणारी सर्व्हिस त्याच क्षणी पडलेली होती, पण तिची गरज वीज गेल्यावरच लागणार होती. जिथे वीज आधी गेली ती पेटी आधी गप्प झाली. वीज न गेलेल्या पेट्या नुसत्या वाट बघत होत्या.

पहिला निर्णय: आधी विझवायचं

आता घाई होती ती अजून चालू असलेल्या पेट्यांची. पहिल्या खेपेतल्या ८० मधून दुरुस्त झालेल्या ७ आणि गप्प झालेल्या ४१ वजा केल्या, की ३२ उरतात. त्यांच्यात आत शिरता येत होतं. तपासल्या तर ३२ पैकी ३२ मध्ये टाइमसिंकडी पडलेलं. पुढच्या वीजकपातीत यातली कोणतीही पेटी जाऊ शकत होती.

इथे टीममध्ये मतभेद झाले. एक मत असं, की मूळ मांडणी दुरुस्त करूनच नवी इमेज पाठवावी. वरच्या थरात हाताने काही लिहिणं म्हणजे ज्या चुकीने हे घडलं तीच पुन्हा करणं. दुसरं मत, की इमेजला किमान आठवडा लागेल आणि तेवढ्यात आणखी पेट्या जातील. आम्ही दुसरं ऐकलं. इमेजमधल्या युजर, ग्रुप आणि शॅडो (पासवर्ड प्रत्यक्षात इथे असतात) या तिन्ही फाइलींतल्या टाइमसिंकच्या ओळी, त्याच क्रमांकांसह, जशाच्या तशा वरच्या थरातल्या फाइलींत जोडल्या आणि सर्व्हिस सुरू केली. ३२ पेट्या एका दुपारी झाल्या. कोणत्या पेटीवर हात लावला त्याची नोंद ठेवली, आणि ही डागडुजी पुढे काढून टाकायची आहे असं त्याच नोंदीत लिहिलं. त्या परिस्थितीत पुन्हा हेच करेन.

गप्प झालेल्या ४१ साठी वेगळा मार्ग लागला. आमच्या बूटलोडरचा मोजणीदार प्रत्येक बूटला एकने वाढतो आणि सिस्टीम पूर्ण उठली की शून्यावर येतो. तीन वेळा उठता आलं नाही तर तो जुन्या भागाकडे वळतो. जुन्या भागात जुनी इमेज होती आणि जुन्या इमेजमध्ये रूट म्हणून चालणारं एनटीपीडी. मग जागेवरच्या माणसांना फोन केले. “वीज चालू करा, दहापर्यंत मोजा, बंद करा. असं तीनदा करा, आणि चौथ्यांदा चालूच राहू द्या.” एका तंत्रज्ञांनी विचारलं, “साहेब, नक्की ना? एरवी तर तुम्हीच सांगता की मध्येच वीज तोडू नका.” त्यांचा प्रश्न रास्त होता. रूट वाचण्यापुरता आहे आणि इतक्या लवकर डेटाच्या भागावर लिहिणं सुरू झालेलं नसतं, हे टेबलावर वीस वेळा करून पाहूनच आम्ही हे सांगत होतो. ४१ पैकी ३८ पेट्या अशा परत आल्या. तीन जागी माणूस पाठवावा लागला.

वरचा थर उघडून पाहिला तेव्हा

आग विझल्यावर लगेच उपाय ठरवला नाही, आणि या प्रकरणातला मला सर्वात योग्य वाटणारा निर्णय हाच आहे. आधी सर्व ६०० पेट्यांच्या वरच्या थरातल्या फाइलींची यादी मागवली आणि दोन दिवस फक्त वाचली.

युजरची यादी हा त्यातला एकच नमुना निघाला. दुसरा जास्त काळजीचा होता. काही जागी अंतर्गत सर्व्हरसाठी खासगी प्रमाणन सर्टिफिकेट जोडलं होतं. ते जोडणारी आज्ञा सगळी विश्वासू सर्टिफिकेटं एकत्र करून एक मोठी फाइल नव्याने बनवते. ती फाइल वरच्या थरात गेली आणि तेव्हापासून गोठली. इमेजमध्ये नवी मूळ सर्टिफिकेटं (ज्यांच्या आधारावर बाकीच्यांवर विश्वास ठेवला जातो ती) येत होती, जुनी जात होती, या पेट्यांपर्यंत त्यातलं काही पोहोचत नव्हतं. ३० सप्टेंबर २०२१ ला ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ हे मूळ सर्टिफिकेट संपलं, तेव्हा नवं मूळ सर्टिफिकेट नसलेली किती तरी जुनी उपकरणं जगभर अडकली होती. आमच्या या पेट्या तशाच एखाद्या तारखेकडे चालल्या होत्या.

तिसरा नमुना पुसलेल्या फाइलींचा. ओव्हरलेमध्ये खालच्या थरातली फाइल खरोखर पुसता येत नाही. वरच्या थरात तिच्या नावाची एक खूण ठेवली जाते, शून्य-शून्य क्रमांकाची कॅरेक्टर डिव्हाइस फाइल. तीन पेट्यांवर कोणी तरी कधी तरी कर्नल सेटिंगची एक फाइल पुसली होती, बहुधा तपासणीसाठी. नंतर आम्ही त्याच नावाच्या फाइलमध्ये महत्त्वाची सेटिंग्ज घातली. त्या तीन पेट्यांना ती कधी मिळालीच नाहीत, आणि कुठे चूकही दिसली नाही.

याद्या वाचता वाचता एक गोष्ट स्वच्छ झाली. ईटीसीत तीन मालकांच्या वस्तू एकत्र पडल्या होत्या. काही इमेज बनवणाऱ्याच्या, उदाहरणार्थ सिस्टीम युजर, सर्व्हिसचे मूळ सेटिंग, सर्टिफिकेटांचा संच. काही त्या पेटीच्याच, म्हणजे मशीन-आयडी (त्या पेटीचा एकमेव ओळख क्रमांक) आणि एसएसएचच्या किल्ल्या. आणि काही जागेवरच्या माणसाच्या, म्हणजे होस्टनेम, नेटवर्क, खासगी सर्टिफिकेट. ओव्हरलेला मालक कळत नाही, त्याला फक्त फाइल कळते. जागेवरच्या माणसाला म्हणायचं होतं ‘हे एक सर्टिफिकेट जोडा’, आणि आम्ही साठवून ठेवलं होतं ‘आजपासून विश्वासू सर्टिफिकेटांचा संच हा असा’. त्याची इच्छा एका ओळीची होती, आणि आम्ही जपत होतो ती त्या इच्छेतून त्या दिवशी तयार झालेली आख्खी फाइल.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय, प्रत्येक अपडेटला वरचा थर पुसून टाकणं. सोपा आणि स्वच्छ, पण स्थिर पत्ता दिलेल्या जागांवर नेटवर्कची सेटिंग्ज गेली की पेटी कायमची हातातून जाते. मशीन-आयडी बदलला की सिस्टमडीच्या नेटवर्कडीची डीएचसीपीतली (नेटवर्कचा पत्ता आपोआप मिळवण्याच्या पद्धतीतली) ओळखही बदलते, कारण ती त्यातूनच काढलेली असते. हा पर्याय दहा मिनिटांत बाद झाला.

दुसरा, पॅकेज मॅनेजरसारखं वागणं. डेबियन या लिनक्सचं डीपीकेजी बदललेली सेटिंग फाइल दिसली की माणसाला विचारतं, तुमची ठेवू की नवी घेऊ. आरपीएम हा दुसरा पॅकेज मॅनेजर नवी किंवा जुनी फाइल वेगळ्या शेपटीच्या नावाने बाजूला ठेवतो. दोन्ही रीतींमागे गृहीत असतं, की कोणी तरी बसून फरक वाचणार आहे. आमच्या पेट्यांसमोर कोणी बसत नाही.

तिसरा, ओएसट्री या इमेज बदलून अपडेट करणाऱ्या साधनाची तऱ्हा. त्यात मूळ ईटीसीची एक अस्पर्श प्रत यूएसआरखाली (इमेजमधले प्रोग्रॅम जिथे असतात त्या डिरेक्टरीखाली) राहते आणि अपडेटच्या वेळी मूळ, नवी आणि स्थानिक अशी तिहेरी तुलना होते. ओव्हरलेपेक्षा हे नक्कीच शहाणं आहे. पण तिथेही स्थानिक बदल झालेली फाइल पूर्ण ठेवली जाते, फाइलच्या पोटात जाऊन ओळी जुळवल्या जात नाहीत. युजरच्या यादीची अडचण तशीच राहते, म्हणूनच त्या जगातही सिस्टीम युजरची यादी यूएसआरखाली हलवून ती वेगळी वाचण्याची सोय करावी लागली. आमचा नेमका आजार याने बरा होत नव्हता.

चौथा, बॉटलरॉकेट या छोट्या लिनक्ससारखी मांडणी. तिथे ईटीसी मेमरीत असतं आणि प्रत्येक बूटला साच्यांमधून नव्याने तयार होतं. माणूस फाइलला हात लावत नाही, एपीआयमधून (प्रोग्रॅमशी बोलण्याच्या ठरलेल्या वाटेने) सेटिंग देतो आणि जपलं जातं ते सेटिंग. मला मनापासून हेच आवडलं होतं. पण आमच्या आकाराच्या टीमने स्वतःचा सेटिंगचा एपीआय, साचे आणि स्थलांतराचे नियम लिहायचे म्हणजे वर्षभराचं काम.

पाचवा पर्याय याच विचाराचा लहान अवतार होता आणि तोच घेतला. इमेजवाल्याचं सगळं यूएसआरखाली ढकलायचं. ईटीसीचा वरचा थर मेमरीत ठेवायचा, म्हणजे प्रत्येक बूटला ईटीसी इमेजसारखंच कोरं. आणि पेटीच्या व जागेच्या मोजक्या वस्तू डेटाच्या भागावर नावानिशी जपून बूटच्या वेळी परत लावायच्या. यादीत नसलेलं काही टिकणार नाही.

अंमलबजावणी आणि तिथे लागलेल्या ठेचा

सिस्टीम युजरसाठी सिस्टमडीचं सिस्यूजर्स वापरायचं ठरलं. यूएसआरखाली एका छोट्या फाइलमध्ये लिहायचं, की अमुक युजर हवा. बूटच्या वेळी तो नसेल तर जोडला जातो. इमेज लहान ठेवण्याच्या भरात पूर्वी आम्ही हेच काढून टाकलं होतं, कारण युजर बिल्डच्या वेळीच तयार होतात, मग याची गरज काय? ते असतं तर बहुधा हे प्रकरण घडलंच नसतं.

‘बहुधा’ म्हणण्याला कारण आहे. ते परत घातलं आणि चाचणीत ते चाललंच नाही. त्या सर्व्हिसला एक अट असते: यूएसआर हे ईटीसीपेक्षा नवं असेल तरच चालायचं. नवं की जुनं हे यूएसआर डिरेक्टरीच्या बदलाच्या वेळेवरून ठरतं. आमचे बिल्ड दर वेळी बाइट-न्-बाइट सारखे यावेत म्हणून आम्ही सगळ्या फाइलींच्या वेळा एकाच तारखेवर गोठवत होतो. त्यामुळे कोणतीही इमेज कधीच ‘नवी’ ठरत नव्हती. दोन चांगल्या सवयी एकमेकींना छेदत होत्या. शेवटी एका ड्रॉप-इन फाइलमध्ये (मूळ सेटिंगला न शिवता बाजूला ठेवलेल्या जोड फाइलमध्ये) ती अट रिकामी करून टाकली, म्हणजे सर्व्हिस प्रत्येक बूटला चालते. लागणारा वेळ नगण्य आहे. युजरचे क्रमांकही फाइलमध्ये पक्के लिहिले. ते सिस्यूजर्सवर सोडले तर प्रत्येक पेटीवर वेगळे पडू शकतात आणि डेटाच्या भागावरच्या फाइलींचे मालक चुकतात.

दुसरी ठेच होस्टनेमची. सुरुवातीला वाटलं, जपायच्या प्रत्येक फाइलवर डेटाच्या भागातली फाइल बाइंड माउंट करू, म्हणजे तिच्या जागी ही दिसेल, काम संपलं. वाचायला ते छान चाललं. होस्टनेम बदलायला गेलो तर ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’. कारण असं, की नीट लिहिलेला प्रोग्रॅम फाइलमध्ये थेट लिहीत नाही. तो शेजारी तात्पुरती फाइल बनवतो आणि तिचं नाव बदलून जुनीच्या जागी आणतो. जिच्यावर माउंट आहे त्या फाइलच्या जागी दुसरी आणायला कर्नल नकार देतो. कंटेनरमध्ये होस्ट्स फाइल ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने जागच्या जागी बदलायला गेल्यावर हीच ओळ भेटते आणि कारणही हेच, ती फाइल कंटेनर इंजिनने वरून माउंट केलेली असते. म्हणून एकेका फाइलवरचं माउंट सोडून दिलं. बूटला प्रत करून आणायची, आणि बदल करायचा तो आमच्या एका छोट्या आज्ञेतून, जी डेटाच्या भागावर लिहून मग ईटीसी ताजं करते.

मशीन-आयडीला वेगळी वागणूक द्यावी लागली. सिस्टमडी उठताक्षणीच तो वाचतं, त्यामुळे साध्या सर्व्हिसमधून प्रत आणेपर्यंत उशीर झालेला असतो. ती प्रत इनिट्रॅमएफएसमध्येच (मुख्य सिस्टीमच्या आधी मेमरीत उघडणाऱ्या छोट्या फाइलसिस्टीममध्ये), ओव्हरले लावतानाच, ठेवली. एसएसएचच्या किल्ल्यांसाठी प्रतही लागली नाही. मुख्य सेटिंगमध्ये किल्लीचा पत्ताच डेटाच्या भागावरचा दिला.

सर्टिफिकेटांसाठी फक्त जागेचं खासगी सर्टिफिकेट जपलं. एकत्र फाइल प्रत्येक बूटला नव्या इमेजच्या संचातून आणि त्या एका सर्टिफिकेटातून पुन्हा बनते.

बाकी सेटिंग्ज ड्रॉप-इनवर आणताना लक्षात आलं, की प्रत्येक प्रोग्रॅमचा स्वभाव वेगळा. सिस्टमडीच्या सेटिंग फाइलींमध्ये नंतर वाचलेली किंमत जिंकते. एसएसएचडीत (एसएसएचच्या सर्व्हिसमध्ये) बहुतेक सेटिंग्जसाठी पहिली सापडलेली किंमत जिंकते, म्हणून ओपनएसएसएच ८.२ पासून आलेली ‘इन्क्लूड’ची ओळ सर्वात वर हवी. सुडो या रूटचे अधिकार देणाऱ्या आज्ञेच्या ड्रॉप-इन डिरेक्टरीत ज्या फाइलच्या नावात टिंब आहे ती गुपचूप वगळली जाते. आमच्या एका फाइलचं असंच झालं होतं आणि एका सहकाऱ्याची सकाळ त्यात गेली.

निष्पत्ती

नवी इमेज आधी दहा पेट्यांवर गेली. त्यातल्या पाच मुद्दाम पहिल्या खेपेतल्या, वर्षानुवर्षांचा वरचा थर साचलेल्या. प्रत्येक पेटीची वीज तोडून, घड्याळ मागे गेलेल्या अवस्थेतून ती स्वतः सर्व्हरपर्यंत पोहोचते का, हे पाहिलं. मग बाकीच्यांवर. वेळेच्या कारणाने गप्प झालेली पेटी त्यानंतर आढळली नाही.

जुना वरचा थर आम्ही पुसला नाही. नाव बदलून डेटाच्या भागावर ठेवून दिला. त्याचा उपयोग झाला. दोन जागी कोणी तरी हाताने एक जादा नेटवर्क मार्ग लिहिला होता, आमच्या यादीत तो नव्हता, आणि अपडेटनंतर त्या पेट्यांना आतले सेन्सर दिसेनात. जुन्या थरातून ती ओळ सापडली आणि अर्ध्या तासात दोन्ही जागा परत आल्या. ३२ पेट्यांवरची हाताची डागडुजी याच अपडेटने आपोआप निघून गेली.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात मोठी चूक चाचणीतली होती. टेबलावरच्या पेट्या प्रत्येक चाचणीआधी पुसल्या जायच्या. त्यामुळे आम्ही नेहमी नव्या कोऱ्या पेटीवरचं अपडेट तपासत होतो, आणि जगात तशी पेटी एकही नव्हती. आता चार जुन्या पेट्या कधीच न पुसता ठेवल्या आहेत. प्रत्येक इमेज त्यांच्यावर आधी चढते.

दुसरी चूक ‘यशस्वी’च्या व्याख्येत होती. सर्व्हरशी बोलणं जमलं म्हणजे अपडेट चांगलं, असं आम्ही मानलं. त्याच क्षणी सिस्टमडीला विचारलं असतं, तर ‘डिग्रेडेड’ असं उत्तर आलं असतं, म्हणजे किमान एक सर्व्हिस पडलेली आहे. तेवढी एक तपासणी असती तर ४१ आणि ३२ मिळून त्या ७३ पेट्या पहिल्याच दिवशी आपणहून जुन्या भागाकडे परत गेल्या असत्या. आता कोणतीही सर्व्हिस पडलेली असेल किंवा वेळ जुळलेली नसेल, तर अपडेट पक्कं होत नाही.

हार्डवेअरच्या मागे गेलेल्या दोन दिवसांबद्दल मी अजून विचार करतो. सगळ्या बिघडलेल्या पेट्या एकाच खेपेतल्या आहेत, हे निरीक्षण बरोबर होतं. त्याच खेपेतल्या कोणत्या बिघडल्या नाहीत, हा प्रश्न पहिल्याच तासाला विचारायला हवा होता.

सर्व पेट्या आता रोज एकदा ईटीसीच्या वरच्या थरात यादीबाहेरचं काय लिहिलं गेलंय ते कळवतात. महिन्याभरात एका पेटीकडून एक अनोळखी फाइल आली. जागेवरच्या माणसाने टाइमसिंकडीला त्यांच्या आतल्या वेळ-सर्व्हरचा पत्ता दिला होता, कारण बाहेरचा तिथे पोहोचतच नव्हता, आणि प्रत्येक रीबूटनंतर ते पुन्हा हाताने लिहीत होते. त्यांना फोन केला, गरज समजून घेतली, आणि पुढच्या इमेजमध्ये वेळ-सर्व्हरचा पत्ता जपायच्या यादीत आला.